आठ बाय चारची आगगाडी

मैत्रिणींनो, घरात आगगाडी मांडायची म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, गोल रूळ जोडले, किल्ली पिळली, झालं. तशी पत्र्याची गाडी आपल्या लहानपणी जत्रेत मिळायची आणि दोन दिवसांत तिची किल्ली हरवायची. मी सांगणार आहे ती निराळी. हिचे रूळ फळीवर मोजूनमापून बसवावे लागतात, त्यांना सांधे असतात, गाडी विजेवर चालते आणि भोवतीचं स्टेशन, फाटक, डोंगर, शेतं सगळं आपल्या हातानं उभं करायचं असतं. हौशी लोक या मांडणीला 'लेआउट' म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव 'आजीची गाडी'. हा पुरुषांचा आणि पोराटोरांचा शौक आहे, असं मला आतापर्यंत चार जणांनी सांगून झालं आहे. सांगू देत. खळ शिजवणं, लगदा कालवणं, चाळणं, गाळणं, टाचणीच्या टोकानं बारीक काम करणं, ही कामं कुणाला जास्त येतात ते तुम्हीच सांगा.

आम्ही बीडचे. आमच्याकडे आगगाडी ही बघायची नव्हे, बोलायची गोष्ट होती. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९५ साली. निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा राज्याचा असं ठरलं. मग जमिनी घेणं, पैसा येणं, पुलांची कामं यांत वर्षांमागून वर्षं गेली. नगरहून आष्टीपर्यंतचे ६६ किलोमीटर गाडी धावू लागली ती २३ सप्टेंबर २०२२ ला. माझ्या सासूबाईंचं माहेर कड्याजवळचं, म्हणजे त्याच मार्गावरचं. लग्न होऊन त्या बीडला आल्या तेव्हापासून 'गाडी झाली की माहेरी दोन घटकांत जाऊन येईन' हे त्यांचं पालुपद. आगगाडीत त्या आयुष्यात एकदाच बसल्या होत्या, तीही बार्शी लाइनच्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत, पंढरपूरला जाताना. ती छोटी गाडीही आता राहिली नाही.

२०२४ च्या संक्रांतीनंतर आईंना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, ही देवाची कृपा. पण डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. पाय हळूहळू टेकू लागल्या. हाताची मूठ मात्र उघडेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी रबरी चेंडू दिला, दिवसातून चार वेळा दाबायला. आई तो चेंडू उशीखाली लपवून ठेवायच्या. "लहान लेकरू हाय का मी?" असं म्हणून तोंड फिरवायच्या.

मे महिन्यात माझा भाचा सुटीला आला तो विजेवरची आगगाडी घेऊन. त्यानं ती आईंच्या पलंगाजवळ फरशीवर मांडली. तिचा वेग कमीजास्त करायला एक डबी असते, तिच्यावर गोल खटका. तो फिरवला की गाडी हलते, उलटा फिरवला की थांबते. आईंच्या उजव्या हातात जपमाळ होती. माळ खाली ठेवायची नाही म्हणून त्यांनी डबी मांडीवर घेतली आणि डाव्या हाताच्या बोटांनी तो खटका पुढे ढकलला. ढकललाच म्हणायचं, फिरवला नाही. पण गाडी हलली. त्या दिवशी त्यांनी अर्धा तास तो खटका सोडला नाही. व्यायामाच्या ताई म्हणाल्या, हेच तर हवंय. तेच ते काम पुन्हा पुन्हा, मन लावून, हातानं करायला हवं. भाचा आठ दिवसांनी गाडी खोक्यात भरून परत गेला आणि दुसऱ्या दिवशी चेंडू दारात येऊन पडला.

जूनमध्ये भिशीचा माझा नंबर लागला. पैसे शिलाई मशीनला मोटार बसवायला आणि उरले तर एका पातळाला, असा बेत होता. त्यांतले सोळा हजार गाडीत घातले. आमचे हे पंधरा दिवस माझ्याशी हिशोबाच्या भाषेत बोलत होते.

या गाड्यांची मापं ठरलेली आहेत. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची एक, एकशेसाठाव्या हिश्शाची दुसरी. दुसरी जागा कमी घेते, पण डबा करंगळीएवढा. आईंच्या डोळ्यांना ते झेपणार नव्हतं, म्हणून आम्ही मोठं माप घेतलं. मुलीनं बसून गणित केलं. नगर ते बीड अंतर सुमारे १६७ किलोमीटर; सत्त्याऐंशीनं भागलं तरी रूळ भरतो एक किलोमीटर नऊशे मीटर. म्हणजे गाडी आमच्या हॉलमधून सुटली तर बाजारापलीकडे जाऊन थांबणार! शिवाय आणखी एक गंमत. हे तयार रूळ सोळा पूर्णांक पाच मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते परदेशातल्या रुळांच्या हिशोबानं केलेले. आपला ब्रॉडगेज त्याहून रुंद, १६७६ मिलिमीटर. त्याच मापानं करायचा तर एकोणीस मिलिमीटरच्या वर हवा. ही तफावत आमच्या ह्यांनी पट्टी लावून शोधली आणि आल्यागेल्याला सांगितली. बाकी कुणाच्या ती डोळ्यांत भरत नाही.

खरी अडचण आली जागेची. या मापाच्या गाडीला अठरा इंच त्रिज्येहून घट्ट वळण सोसत नाही. म्हणजे नुसतं वळून परत यायचं तरी तीन फुटांच्या वर रुंदी लागते, कडेची जागा निराळी. बाजारात प्लायवूड मिळतं ते आठ बाय चारचं. तेवढं एक पूर्ण पान हवं. आणि ते आईंच्या पलंगाला लागून, पलंगाच्याच उंचीला. तिथे होता दिवाण. त्यावर पाहुणे बसतात, उन्हाळ्यात गाद्या रचतात, लग्नसराईत त्यावर आहेर मांडतात. तो हलवायचा म्हणताच घरात जे झालं त्याला भूसंपादनच म्हणावं लागेल. दीर म्हणाले, रोज मांडायचं आणि रोज काढायचं. पण हे असं मांडून काढून चालत नाही. रूळ एकदा फळीवर ठोकले की ठोकले. मैत्रिणींनो, घरात बाईच्या प्रत्येक कामाला 'आता आवरून ठेव' हा हुकूम लागू असतो. भरतकाम असो, वाचन असो, पाहुणा आला की पिशवीत जातं. मी या खेपेला आवरायला तयार नव्हते. "पाहुणे बसणार कुठं?" असं ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईच म्हणाल्या, "बसतील माझ्या पलंगावर. नाहीतरी येतात ते मलाच बघायला." दिवाण गच्चीवरच्या खोलीत गेला.

कामाला लागलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. दोन लोखंडी ट्रंका आणि एक जुनं टेबल यांवर प्लाय ठेवलं, त्यावर लंबवर्तुळ रूळ आणि बाजूला दोन फाटे. स्टेशनं किती करायची यावर वाद झाला. नगर आणि बीड तर हवीतच. मधे एकाचीच जागा. मुलीला आष्टी हवं होतं, कारण नगरहून पहिल्यांदा गाडी धावली ती तिथवरच. आईंनी 'कडा' एवढंच म्हटलं आणि विषय संपला. शेवटी आष्टीला एक पाटी आणि बाकडं मिळालं, फलाट कड्याला.

डोंगराची कृती लिहून देते, महालक्ष्म्यांच्या आरासाला उपयोगी पडेल. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजत घालायचे, सकाळी पिळून मिक्सरमधून काढायचे. भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात कालवायच्या. आपल्या आज्या टोपल्या आणि सुपं लिंपायला हेच करायच्या. लगदा चिवट होतो आणि किडा धरत नाही. खाली खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी करून तिच्यावर हा लगदा थापायचा. दोन दिवस उन्हात वाळवायचा, पावसाळा असेल तर पंख्याखाली चार. गवतासाठी लाकडाचा भुसा बारीक चाळून हिरव्या रंगात भिजवला. आईंनी पाहिलं आणि विचारलं, "हा डोंगर कुठला गं? कोकणातला?" खरंच की! आमचा बालाघाट चार महिने हिरवा, मग पिवळा, मग करडा. नवा भुसा चहाच्या उकळलेल्या पाण्यात बुडवून वाळवला तेव्हा तो आमच्याकडचा दिसू लागला. शेतांसाठी काळी माती आणली, ती तव्यावर भाजली आणि चाळून तिच्यावरून लोहचुंबक फिरवलं. हे चुंबक विसरू नका. इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतं, ते मातीतला लोखंडाचा कण ओढून घेतं आणि दातेरी चाकं खाऊन टाकतं.

रुळांखालची खडी चिकटवायची ती फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून, औषधाच्या सिरिंजनं. साबणामुळे पाणी खडीत मुरतं, नाहीतर नुसते थेंब होऊन वरच बसतं. सांध्याजवळ मात्र सांभाळून. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी ती सरकती पात. तिच्यात खसखशीएवढा खडा अडकला तरी इंजिन खाली उतरतं. पातीला आधी तेलाचं बोट लावून ठेवलं तर डिंक धरत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये महालक्ष्म्या बसल्या त्या या गाडीच्या पाठीशी. आमच्या मराठवाड्यात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्यापुढे आरास मांडायची हौस घरोघर असते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. हळदीकुंकवाला बायका आल्या. आई खुर्चीत, मांडीवर डबी. गाडी निघाली, कड्याला आली, आणि थांबली. आईंनी खटका आणखी फिरवला. हिसका देऊन दोन बोटं पुढे गेली, पुन्हा थांबली. मी बोटानं ढकललं की चालायची आणि वळणावर अडायची. बायका 'छान आहे हो' म्हणाल्या, पुरणपोळीची चौकशी करून पुढच्या घरी गेल्या. आईंनी डावा हात उजव्या हातानं उचलून पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "माझा हातच मेलाय. गाडी काय करील?"

मी सांगून पाहिलं, मुलीनं सांगून पाहिलं. त्यांना पटेना. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी डबीला हात लावला नाही. एरवी खेळणं बिघडलं तर आपण म्हणतो, असू दे. इथे तसं म्हणायची सोय नव्हती. आईंनी फिरवलं की गाडी हललीच पाहिजे, दर वेळी, नाहीतर त्या दोष हाताला देणार.

मग मी कारणाच्या मागे लागले. या गाडीला वीज मिळते ती दोन रुळांतून, चाकांमार्फत. बारा व्होल्टची, त्यामुळे रुळाला हात लागला तर झटका बसत नाही. मात्र भिंतीतल्या बटणापाशी ओला हात नको. रुळावर नखानं खरवडावा इतका पातळ थर बसला तरी वीज तुटते आणि इंजिन जागच्या जागी. हा थर कशाचा? उदबत्तीचा, कापराचा, धुपाचा. आणि त्याहून जास्त, फोडणीचा. आमच्या हॉलला लागूनच स्वयंपाकघर. तेल तापलं, मोहरी तडतडली की त्याची वाफ पंख्यानं हॉलमध्ये येते आणि सगळ्यावर बसते. तुमच्या ट्यूबलाइटवर जो चिकट काळा थर बसतो ना, तोच. परदेशी पुस्तकात धूळ, ओल सगळं दिलेलं असतं, फोडणी नसते.

स्वयंपाकघराच्या खिडकीत वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवला. रूळ पुसायला शाळेचं साधं खोडरबर घेतलं, मग स्पिरिटमध्ये बुडवलेली चिंधी. सँडपेपर अजिबात नको, त्यानं ओरखडे पडतात आणि मळ त्यांत घर करतो. रात्री झाकायला जुनं लुगडं घालत असू, त्याचे धागे इंजिनाच्या दातांत सापडले. तेव्हापासून प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ. डबे हलके असल्यानं उसळतात, म्हणून बंद झालेली पंचवीस पैशांची नाणी प्रत्येक डब्याच्या तळाशी आतून चिकटवली. रोज सकाळी पोळ्यांच्या आधी पाच मिनिटं रूळ पुसायचे, हा नेम. देवाची उपकरणी घासतो तसा.

दसऱ्यानंतर एका दुपारी मी धुणं वाळत घालून आत आले तर गाडी फिरत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी काही बोलले नाही. परत बाहेर जाऊन वाळलेले कपडे नसताना दोरीवरून गोळा करत बसले.

डिसेंबरात एका लग्नासाठी पुण्याला गेलो तेव्हा कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय पाहिलं. १९९८ पासून ते लोकांना खुलं आहे. एकाच वेळी कितीतरी गाड्या, सिग्नल, पूल, आख्खं छोटं शहर. मुलगी तिथून पुलाचं वेड घेऊन आली. रुळावरून रूळ न्यायचा! मी कागदावर हिशोब मांडला. गाडी खालून जायला तीन इंच उंची हवी. चढ चाळीस इंचाला एक इंच याहून जास्त दिला तर चार डब्यांनिशी इंजिनाची चाकं नुसती घसरतात. म्हणजे चढायला दहा फूट, उतरायला दहा फूट. आमची पुरी प्रदक्षिणा एकोणीस फुटांची. स्टेशनं काय हवेत बांधायची? पूल राहिला. त्याऐवजी ओढ्यावर साधा पूल झाला आणि पाण्याच्या जागी फुटक्या आरशाचा तुकडा, कडा मातीत पुरलेला. कंकालेश्वराचं पाण्यातलं देऊळ तिथं ठेवायचा मुलीचा आग्रह होता. बीडला लागून ठेवलं. फाटकापाशी मी उसाच्या गाड्या उभ्या केल्या, तीन बैलगाड्या ओळीनं. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातली माणसं बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला जातात, ते या मांडणीत नको तर कुठे?

एप्रिलमध्ये नवं संकट. बीडचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. एका दुपारी कड्याच्या पुढचा रूळ धनुष्यासारखा वर उचललेला. पावसाळ्यात प्लाय ओल पिऊन फुगलं होतं, तेव्हा रूळ पुस्तकात सांगितल्याप्रमाणे टोकाला टोक भिडवून बसवले. उन्हानं लाकूड आकसलं, धातूचा रूळ कुठे आकसणार? त्याला जागा उरली नाही. खऱ्या रेल्वेतही जोडाच्या ठिकाणी उन्हाळ्यासाठी फट सोडायची जुनी रीत आहे, ती यासाठीच. सगळी खडी ओली करून खरवडली, रूळ काढले, दर जोडाला नखाएवढी फट ठेवून पुन्हा बसवले. प्लायला खालून-वरून ऑइलपेंटचे दोन हात दिले, म्हणजे ओल आत-बाहेर होत नाही. दीड महिना गेला. ह्यांनी या वेळी हिशोबाचं काही काढलं नाही, उलट रविवारी स्वतः पालथं पडून खालच्या तारांना डाग दिले. दीड महिना आई विचारत होत्या, "झाली का गं? अजून किती?" नगर-बीडच्या कामाबद्दल लोकांनी तीस वर्षं विचारलं तसं.

२०२५ च्या महालक्ष्म्या ३१ ऑगस्टला आल्या. तीन दिवस गाडी चालली. दुसऱ्या दिवशी आष्टीच्या सांध्यावर दोनदा उतरली, तो सांधा अजूनही मला छळतो. पण आईंनी खटका सोडला नाही, "उचला तिला" म्हणाल्या. खटका आता त्या ढकलत नाहीत, अंगठा आणि दोन बोटांनी धरून फिरवतात. उणापुरा दीड वर्षांचा काळ, रोजचा व्यायाम, औषधं आणि गाडी, यांत कशाचा किती वाटा हे मी सांगणार नाही. वेणी त्यांना अजून घालता येत नाही. लसूण सोलतात.

आणि सतरा दिवसांनी खरी गाडी आली. १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, ते बीड गाडी सुरू झाली. त्या दिवशी स्टेशनवर ही गर्दी, आईंना नेणं शक्यच नव्हतं. गर्दी ओसरल्यावर चाकाच्या खुर्चीतून नेलं. गाडी फलाटाला लागेपर्यंत त्या रुळांकडेच पाहत होत्या. मला वाटलं डोळे भरून येतील वगैरे. त्या म्हणाल्या, "ही पण सावकाशच येतीय की." मग खडी पाहून, आपली जरा जाड झालीय, असा शेरा.

त्या दिवशी बीडच्या पुढे परळीपर्यंतचा मार्ग व्हायचा बाकी होता. आमच्या फळीवरही बीडनंतर दोन फूट कोरं प्लाय होतं. तिथे काय करायचं यावर घरात पुन्हा वाद आहे. मुलीला बोगदा हवा, आईंना वैजनाथाचं देऊळ, तेही पायऱ्यांसकट. काल रात्री मी वर्तमानपत्रं भिजत घातली आहेत. मेथ्या संपल्यात, त्या आणायच्या आहेत.